माहेरी गेली

हिंगोणखेडे
१६ जानेवारी २०२३

विहीणबाई,

तिळगूळ परत आला. डबा जसा पाठवला तसाच, वरचा दोरासुद्धा सोडलेला नाही. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, त्यांचं डोकं अजून तापलेलं आहे." मी म्हटलं, मग माझं काय थंड आहे का?

फोनवर आपलं बोलणं होत नाही, नुसतं भांडण होतं. तुम्ही तिकडून सुरू करता, मी इकडून, आणि शेवटी दोघींपैकी एक जण फोन आपटते. म्हणून कागद घेतला. कागदावर तुम्हाला मधे बोलता येणार नाही, एवढा एक फायदा. आमच्या जावयांना, योगेंद्रबापूंना, वाचून दाखवायला सांगू नका. तुम्हाला वाचता येतं. लग्नात आहेराच्या पाकिटांवरची नावं तुम्ही ओठ हलवत वाचत होता, मी बघितलंय.

नोव्हेंबरात तुम्ही जळगावला दवाखान्यात आलात आणि चार माणसांत म्हणालात, "आम्ही चांगली धाडी व्हती. तुमना घर येईसन हाई व्हयनं." मी तेव्हा गप्प बसले, कारण माझी लेक पलीकडच्या पलंगावर डोळे उघडायची होती. आता ती घरी आहे, चालते, जेवते. म्हणून आता बोलते.

मयुरी आमच्याकडे सातव्यात आली. ओटी तुम्ही भरली, हिरवी साडी तुम्ही नेसवली, आणि पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीने आम्ही गाडी करून तिला घेऊन आलो. माझ्या आईने माझं केलं, तिच्या आईने तिचं. यात तुमचं काय चुकलं नि माझं काय?

येताना तिच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती. मी विचारलं, कशाच्या? तर म्हणे, "बीपीच्या. तिकडच्या सिस्टरने दिल्यात." पट्टी संपली. संपल्यावर तिला बरंच वाटत होतं, मग नवी कोण आणतंय? पाय सुजले होते. तिच्या वेळी माझेही सुजले होते, सगळ्यांचेच सुजतात. मी रोज घमेल्यात कोमट पाणी देत होते, त्यात पाय बुडवून ती मोबाइल बघत बसायची.

त्या दिवशी सकाळी डोकं दुखतं म्हणाली. डोळ्यांपुढे चमकतंय म्हणाली. दुपारी ओट्यापाशी उभी होती, तिथेच झटके आले. आधी जवळच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले इथे नको. तालुक्याला नेलं, तिथे कळलं की भूल देणारे डॉक्टर आज दुसऱ्या तालुक्यात असतात. मग जळगाव. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, परत नाव, परत वय, आणि परत तोच प्रश्न: आधी बीपी किती होतं? मला माहीत नव्हतं. ह्यांना माहीत नव्हतं. मयुरीला विचारावं तर ती शुद्धीत नाही. ज्यांना माहीत होतं त्या तुमच्या गावच्या बाया, चोपड्याच्या पार पलीकडे, आपापल्या घरी स्वयंपाक करत असतील.

जळगावच्या डॉक्टरांनी मयुरीला वाचवलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाळ आधीच गेलेलं होतं. मुलगी. मला दाखवली. तुम्ही उशिरा पोहोचलात म्हणून तुम्हाला दाखवता आली नाही. नाक तुमच्यासारखं होतं, हे सांगायचं राहिलं होतं.

मयुरीला न्यायला तुमच्याकडून कोणी येणार आहे की नाही, एवढं कळवा. दुसरं काही मागत नाही.

कोकिळा


हिंगोणखेडे
२७ एप्रिल २०२३

विहीणबाई,

तुमच्या गावाला पोस्ट नाही की तुमच्या घरात पेन नाही, कोण जाणे. पत्राचं उत्तर मोबाइलवर आवाजात आलं. चला, आलं हे बरं झालं. मयुरीने मोठ्याने लावलं, सगळ्या घराने ऐकलं. "नाकनं काय सांगतस? मना जीव जळस ना." हे ऐकून मयुरी पहिल्यांदा रडली, विहीणबाई. इतके दिवस ती रडत नव्हती याचीच मला जास्त भीती वाटत होती.

आखाजीला गावातल्या सगळ्या लेकी आल्या होत्या. लिंबाला झोका बांधला होता, गाणी चालली होती. मयुरी खाटेवर बसून ऐकत होती. आखाजीला लेक माहेरी असली की आईचं मन भरतं म्हणतात. यंदा माझं भरलं नाही. ती पाहुणी म्हणून आली नव्हती, परत न गेल्यामुळे इथे होती. परवा बापू येऊन तिला घेऊन गेले तेव्हा मला खरं म्हणजे हायसं वाटलं. तिला चांगलं ठेवा. सकाळी चहा झाल्याशिवाय तिच्याशी बोलत जाऊ नका, लहानपणापासून ती तशीच आहे.

आता एक सांगते. मी गप्प बसणारी बाई नाही हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या गावच्या उपकेंद्रात कामिनी सिस्टर आहेत. मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. म्हटलं, माझी लेक महिना-दीड महिना इथे होती, तुम्ही समोरच्या गल्लीत इंजेक्शनं द्यायला यायचात, माझ्या घरात एकदा डोकावला नाहीत, ते काबरं? त्या म्हणाल्या, "कोकिळाताई, गावातल्या सुना आमच्याकडे आहेत. एकेकीचं मी तोंडपाठ सांगते. लेक माहेरी आली हे आम्हाला कोणी सांगितलं तरच कळतं. मला वाटलं, तिचं तिकडे चालू असेल."

मग मी तुमच्या आशाताईंना, ज्योतीला, फोन लावला. तिच्यावरही ओरडायचंच होतं. ती म्हणाली, "काकू, मी दर आठवड्याला तिचं बीपी बघत होते. मीच तिला सिस्टरकडे घेऊन गेले, गोळ्या सुरू केल्या. मग ती माहेरी गेली. माहेरी गेली की तिकडचे बघतात." आणि फोनवर रडायला लागली. आता रडणाऱ्या बाईवर काय ओरडणार?

म्हणजे बघा. ज्योतीने तिचं काम नीट केलं. कामिनी सिस्टरने तिचं केलं. डॉक्टरांनी आपापल्या दारात आलेल्याला जमलं ते केलं. कोणाला शिव्या घालाव्यात म्हणून मी इतकी फिरले, आणि शिव्या घालायला एक माणूस सापडलं नाही. एका गावाने तिला सोडलं आणि दुसऱ्या गावाने धरलं नाही. मधल्या जागेत माझी नात गेली.

तुम्ही मला बोललात ते मी विसरलेले नाही. पण तुमच्यावरही आता राग धरता येईना, याचाच राग येतो.

कोकिळा


हिंगोणखेडे
२४ नोव्हेंबर २०२३

विहीणबाई,

बातमी कळली. मी देवापुढे साखर ठेवली आणि कोणाला सांगितली नाही. ह्यांना संध्याकाळी सांगितली, तर ते केळीच्या बागेतून आलेल्या पायांनी तसेच घरभर फिरले. मी ओरडलेसुद्धा नाही.

फराळाचा डबा या वेळी तसाच परत आला नाही, फराळ काढून आला. त्यात तुम्ही शेवयांची पुडी घातली होती. शेवया जाड आहेत. चव चांगली आहे.

धुळ्याला मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेलंत हे फार बरं केलंत. मयुरी सांगत होती, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मागचं सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं, आणि ज्योतीला जवळ बोलावून म्हणाल्या, "ही माझी पेशंट आणि तुझीही. काही झालं तर मधे कुठे थांबू नकोस, सरळ इकडे आण, आणि निघायच्या आधी फोन कर." मयुरीला हे ऐकून कसं वाटलं माहीत नाही. मला रात्री झोप लागली.

तुमच्या आवाजी पत्रात तुम्ही म्हणालात, सातव्यात धाडू. त्याचं नंतर बघू. आधी नीट खायला घाला. कळण्याची भाकरी तिला आवडते, पण मीठ बेताने.

कोकिळा


हिंगोणखेडे
३ मार्च २०२४

विहीणबाई,

तुम्ही ओटी भरायचा दिवस काढला, हिरवी साडी घेतली, आणि आम्हाला निरोप धाडला की गाडी घेऊन या, लेकीला घेऊन जा. सगळं रीतीप्रमाणे. मी चार दिवस हा कागद समोर घेऊन बसले होते.

ओटी भरा. साडी नेसवा. गावाला जेवायला घाला. मयुरीला मात्र माझ्याकडे पाठवू नका.

झालं लिहून. आता तुम्ही हे वाचून बापूंना हाक माराल आणि म्हणाल, बघ, तुझ्या सासूने हात झटकले. मारा हाक. इकडे माझ्या जावेने तर तोंडावर विचारलं, "लेक जड झाली का गं तुला?" ह्यांच्या बहिणीने फोन करून सांगितलं की आपल्यात असं आजवर कोणी केलेलं नाही. माझ्याच घरातली माणसं जेवताना माझ्याशी बोलत नव्हती. मी आपली वाढत होते.

मी कामिनी सिस्टरना विचारून आले. त्या म्हणाल्या, "आणा ताई, या वेळी मी आत्ताच नाव घेते, रोज येऊन बघीन." बाई मनाने चांगली आहे, येईलही. पण धुळ्याच्या डॉक्टरीणबाई तिला पहिल्या दिवसापासून बघतात. ज्योती तिच्या चेहऱ्यावरून ओळखते की आज काही बरं नाही. इकडे आणली की पुन्हा नवे डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. आणि तसाच दिवस आला तर भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी कुठल्या तालुक्यात असतील, हे मला कोण सांगणार? मागच्या वेळी मी तीन दारांत उभी राहिले आहे. मला आता एकच दार पाहिजे, आणि ते धुळ्याला आहे.

राग आला तर येऊ द्या. माझं म्हणणं तेच आहे.

कोकिळा


हिंगोणखेडे
१८ एप्रिल २०२४

विहीणबाई,

तुमचा आवाज मिळाला. तीन वेळा ऐकला. "पहिलं बायतपन माहेरलेच व्हस. लोके काय म्हनतीन? मन्ही सून काय बेवारस शे का?" मागचं मूल हाती लागलं नाही म्हणून तुम्ही हेच पहिलं धरलंत. पुढे तुम्ही बरंच बोललात, त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि जे कळलं ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मयुरीचा फोन आला. ती तुमच्या घरामागे उभी राहून बोलत होती, मागे तुमच्या म्हशीचा आवाज येत होता. "आई, मला घ्यायला ये ना. मला तुझ्याकडे यायचंय. सगळ्या जणी आईकडे जातात, माझंच असं का?" मी म्हटलं, नाही. "आई, फक्त आठ दिवस." मी म्हटलं, नाही. मग तिने फोन ठेवला. विहीणबाई, लेकीला माहेरी येऊ नको म्हणायला तोंड कसं उघडलं ते मलाच माहीत. त्या दिवशी मी कणीक तिंबली आणि तशीच ठेवून दिली, संध्याकाळी ह्यांनी भात खाल्ला.

आता खरं बोलू का? तुम्ही तिला इकडे ढकलता आणि मी तिकडे, ते रीतीसाठी नाही. तुम्हाला भीती वाटते की तुमच्या घरात काही झालं तर सगळं तुमच्यावर येईल. मलाही तीच भीती आहे. मागच्या वेळी ते माझ्यावर आलं, कसं वाटतं ते मी सांगू शकते. तुम्ही वाईट नाही. तुम्ही घाबरलेल्या आहात. मीपण.

तर मी असं ठरवलंय. मी येते तिकडे. बाळंतपण आईने करायचं असतं ना, मग आई करील, तुमच्या घरात. काही झालंच तर मीही तिथेच असेन, तुम्हाला एकटीला कोणी बोलणार नाही. तुमची मागची खोली मला द्या, बाकी काही नको. पीठ, तांदूळ, डाळ, शेगडी मी घेऊन येते, आणि पाण्याचा जारही आणते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे आमच्या आईने पाळलं, मीही पाळते. लग्नानंतर पूजेला आले तेव्हाही मी माझी बाटली आणली होती, तुम्ही ती बघून नाक मुरडलं होतं. एक रीत मोडतेय, दुसरी तरी राहू दे. 

सोमवारच्या शिरपूर गाडीने येते. बापूंना फाट्यावर पाठवा, सामान जास्त आहे.

कोकिळा


हिंगोणखेडे
९ जुलै २०२४

विहीणबाई,

एवढे दिवस एका छपराखाली काढल्यावर आता तुम्हाला पत्र काय लिहायचं? समोरासमोर सगळं बोलून झालं, काही तर दोनदोनदा. तुमच्या भाजीत तेल किती आणि माझ्या भाजीत तिखट किती, यावर तर तुमच्या शेजारणीही मत देऊन गेल्या. पण एक गोष्ट बोलायची राहिली, आणि समोर असताना माझ्याने ती बोलवली नसती.

मी आले त्या दिवशी माझी शेगडी आणि जार बघून तुम्ही दारातच म्हणालात, "आमनं पानी खारं शे का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग रोज तुम्ही तुमच्या चुलीपाशी आणि मी माझ्या शेगडीपाशी, मधे मयुरी. ती दोन्हीकडचं खायची आणि दोघींना सांगायची की तुमचं जास्त चांगलं झालंय. पोटुशी होती म्हणून सोडली, नाहीतर तिची चांगली खबर घेतली असती.

आखाजीचा दुसरा दिवस. तुमच्या गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर होत्या. मयुरी खिडकीतून बघत होती. मला वाटलं, ती मला अजून माफ करणार नाही. तेवढ्यात ज्योती मशीन घेऊन आली. मी तिला म्हटलं पण, अगं, सणाची तरी घरी बस. तिने पट्टा बांधला, एकदा बघितलं, सोडला, पुन्हा बांधला. मयुरीला विचारलं, डोकं दुखतंय का? मयुरी म्हणाली, थोडं, सकाळपासून. आम्ही दोघी घरात होतो, विहीणबाई, दोघींना तिने सांगितलं नव्हतं. ज्योतीने विचारलं म्हणून सांगितलं.

मग ज्योतीने सिस्टरना फोन लावला, सिस्टरने धुळ्याला लावला, बापूंनी एकशे आठला लावला. गाडी येईपर्यंत तुम्ही पिशवी भरली आणि मी मयुरीचे केस बांधले. वेणी वाकडी झाली. कोणी म्हणालं नाही की आधी तालुक्याला दाखवू. गाडी मधे कुठे थांबली नाही.

आणि त्या दारात. तुम्ही मागे होता, तुम्ही ऐकलं का माहीत नाही. स्ट्रेचर आत घ्यायच्या आधीच आतली सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "मयुरी का? या, वाट बघतोय." तिने नाव विचारलं नाही, ते तिला माहीत होतं. वय विचारलं नाही. आधी बीपी किती होतं, हे कोणी विचारलं नाही. मी उत्तर पाठ करून आले होते, विहीणबाई, गाडीत सारखी घोकत होते, मागच्या आठवड्याचं, त्याच्या मागच्या आठवड्याचं. कोणी विचारलंच नाही. भूल देणारे डॉक्टर आत होते. तिथे मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मला रडू आलं. मागच्या वेळी जे झालं ते असं होऊ शकलं असतं, हे मला तिथे समजलं. तोवर मला वाटत होतं की नशीब.

ऑपरेशन चालू होतं. आपण दोघी त्या बाकावर. तुम्ही पिशवीतून स्टीलची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. "पानी पी ल्या." मी घेतली आणि गटागटा प्यायले. निम्मी बाटली. परत दिली. तुम्ही झाकण लावलं आणि दाराकडे बघत बसलात.

त्यानंतर कितीतरी वेळाने सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी झाली, लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, पण रडली.

माझा जार तुमच्या घरी मागच्या खोलीत राहिला होता. हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. बाटलीतलं पाणी तुमच्या माठाचं होतं, आणि मी ते बाळ व्हायच्या आधी प्यायले. माझ्या आईने जन्मभर पाळलं ते माझ्याकडून एका घोटात गेलं. मला नंतर कळलं. पण तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. बाटली देताना तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं होतं, ते मला आता आठवतं. तुम्हाला बोलायला किती चांगली संधी होती! पुढे इतके दिवस आपण त्या बाळाच्या पेटीबाहेर आळीपाळीने बसलो, भांडलोसुद्धा, तुम्ही एकदाही ते काढलं नाही. मी तुमच्या जागी असते तर काढलं असतं. खरं सांगते, काढलंच असतं.

हेच लिहायचं होतं.

बाळ आता चांगलं बाळसं धरतंय, हे बापूंनी धाडलेल्या फोटोत दिसतं. नाकाचं मी काही म्हणत नाही, तुम्हीच बघा.

मयुरी फोनवर म्हणाली, आता तरी येऊ का? या वेळी मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, थांब, दोन दिवस दे. काल मी कामिनी सिस्टरकडे जाऊन बसले आणि तिथूनच ज्योतीला फोन लावून दिला. माझ्यासमोर दोघी बोलल्या. बाळाचं वजन, कोणती लस झाली, कोणती राहिली, मयुरीच्या गोळ्या अजून किती दिवस, धुळ्याला परत कधी दाखवायचं, सगळं एकीने सांगितलं आणि दुसरीने पुन्हा म्हणून दाखवलं. मधे कामिनी सिस्टर हसत मला म्हणाल्या, "ताई, आता घरी जा, तुमच्या गॅसवर काही असेल." मी म्हटलं, असू दे, करपू दे.

तर आता तिला पाठवा. तुम्हीही या बरोबर, आठ दिवस राहा. शेगडी आणू नका, आमचंही पाणी खारं नाही. गाडी कुठल्या दिवशी ते कळवा, ह्यांना फाट्यावर पाठवते. काळजी करू नका.

इकडे सांगून ठेवलंय.

कोकिळा